नावाच्या अलीकडे, नावाच्या पलीकडे

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या ज्या पट्ट्यात मराठी आजही घरात आणि बाजारात बोलली जाते, त्या औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद आणि आळंद या तालुक्यांत ज्याने दप्तरी नोकरी केली, त्याला एकाच इसमाचे नाव निरनिराळ्या लिप्यांत आणि निरनिराळ्या वळणांनी लिहिलेले पाहण्याची सवय आपोआप जडते. निजामाच्या रियासतीत 1884 पासून सरकारी कारभाराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली, गावचा पटवारी मात्र आपली टिपणे मोडीत किंवा कानडीत करीत राहिला. 1948 च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले. 1954-55 ची जमिनींची खासरा पाहणी झाली. आणि तिची शाई वाळते न वाळते तोच 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना होऊन जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात, नारायणखेड आंध्रात आणि उरलेल्या जिल्ह्याचा मोठा भाग म्हैसूर राज्यात गेला. माणसे आपल्या जागी राहिली, दप्तरे मात्र तीन राज्यांत वाटली गेली. पुढे 2014 च्या 1 नोव्हेंबरला गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले, त्यामुळे जिल्ह्याचे नावदेखील जुन्या आणि नव्या नोंदींत दोन प्रकारांनी आढळते. जेथे जिल्ह्याची ही स्थिती, तेथे माणिकराव नावाच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे नाव सर्वत्र एकसारखे असावे अशी अपेक्षा कोण करील?

अशाच एका तालुक्यातील एका सहकारी संस्थेत माझी नोकरी झाली. संस्थेच्या नावाशी येथे कर्तव्य नाही. सभासदांपैकी बहुतेक तूर, उडीद, मूग आणि सोयाबीन पिकविणारे, थोड्यांचा ऊस. माझ्याकडे जे काम होते त्याला जुन्या दप्तरी भाषेत रुजुवात म्हणतात: संस्थेच्या सभासदांची फेरिस्त एकीकडे, बाहेरून येणारी यादी दुसरीकडे, आणि दोहोंतील नावे ताडून जेथे तफावत पडेल तेथे कैफियत लिहावयाची. काम संगणकावर होते. परंतु त्या संगणकावर बाहेरचा कोणताही नवा प्रोग्राम बसवावयाचा नाही, असा वरिष्ठांचा सक्त हुकूम होता. हुकूम अनाठायी नव्हता, कारण सभासदांच्या कर्जाचे व ठेवींचे हिशेब त्याच यंत्रांवर असत. त्यामुळे यंत्राबरोबर जन्मतःच आलेली जी दोन-तीन साधने, तेवढ्यांवरच भागवावे लागे: विंडोजची काळी आज्ञा-खिडकी, तिच्यात चालणारी बॅच फाईल, आणि व्हीबीस्क्रिप्ट नावाची एक छोटी भाषा. ज्यांच्या हाती मोठी अवजारे असतात त्यांना ही साधने तुटपुंजी वाटतील. मी त्यांच्याकडून जे शिकलो ते मोठ्या अवजारांनी मला शिकविले नसते, असे मला मनापासून वाटते.

रुजुवातीच्या कामात प्रथमच बसणाऱ्या माणसाला जी गोष्ट चक्रावून टाकते ती अशी की, पडद्यावर दोन नावे एकाखाली एक, वेलांटी-उकारासह तंतोतंत सारखी दिसत असतात, आणि यंत्र मात्र ती भिन्न असल्याचा निर्वाळा देते. डोळ्यांना न दिसणारी ती भिन्नता बहुधा नावाच्या कडेला असते. आपण ज्याला रिकामी जागा म्हणतो ती यंत्राच्या लेखी रिकामी नसतेच. ‘क’ किंवा ‘ळ’ यांच्याइतकेच ते एक पुरते अक्षर असून त्याला 32 हा क्रमांक आहे. नावाच्या शेवटी असे एखादे अक्षर अनवधानाने राहिले की ते नाव दुसऱ्याच कोणाचे तरी होते. नावाच्या आरंभी राहिले तर त्याचा मागमूस लवकर लागतो, कारण वर्णानुक्रमे यादी लावली असता रिकाम्या जागेचा मान सर्व वर्णांच्या आधी असल्यामुळे अशी नावे ‘अ’च्याही वर, यादीच्या शिरोभागी जाऊन बसतात; तेथे शिवराज आणि बसवराज यांना अंबादासच्या वर पाहिले की जाणत्या कारकुनाने ओळखावे. शेवटचे रिकामे अक्षर मात्र कधी आपण होऊन प्रकट होत नाही.

ही अक्षरे येतात कोठून, याचा शोध मी आवडीने घेतला. त्यांतील काहींचा वंश टंकलेखन यंत्रापर्यंत पोहोचतो. मजकूर कागदाच्या मध्यभागी आणण्यासाठी किंवा रकाने सरळ रेषेत ठेवण्यासाठी जागेची पट्टी मोजून दाबणे, हे टंकलेखकाच्या शिक्षणाचे एक अंग होते, आणि त्या पिढीतील मंडळी संगणकापुढे बसली तेव्हा तीच शिस्त त्यांनी येथेही पाळली. दुसरा आणि मोठा उगम म्हणजे डीबेस आणि फॉक्सप्रो यांवर बांधलेली जुनी खातेपत्रके. त्या पद्धतीत नावाच्या रकान्याची रुंदी आधीच मुक्रर केलेली असे. रुंदी तीस अक्षरांची आणि नाव बारा अक्षरांचे असेल तर उरलेली अठरा घरे यंत्र रिकाम्या अक्षरांनी भरून काढी. त्या भाषांत ती भरती छाटण्याचे शब्द होते आणि जाणकार ते वापरीतही. परंतु नोंदी एका व्यवस्थेतून दुसरीकडे नेताना ही भरती नावाला चिकटून पुढे जाई. तिसरा उगम अगदी अलीकडचा. मोबाईलवर नाव टंकताना वर सुचविलेला शब्द बोटाने निवडला की कळफलक त्यापुढे एक जागा आपणहून सोडतो. म्हणून ज्या याद्या तरुण मुलांनी शेताच्या बांधावर बसून मोबाईलवर भरल्या, त्यांतील पुष्कळशा नावांमागे हे शेपूट नियमाने सापडे.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ही गोष्ट आमच्या भागात विशेष अर्थपूर्ण आहे. शब्दाशब्दांत जागा सोडण्याची रीत आपल्याकडे सनातन आहे असे नाही. मोडी लिहिणारा लेखनिक आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे लगट लिहीत जाई. कोठे एक शब्द संपला आणि दुसरा लागला, हे वाचणाऱ्याने आपल्या भाषाज्ञानाच्या बळावर ठरवावयाचे. उर्दूच्या नस्तालीक लेखनातही शब्दांचे वेगळेपण अक्षरांच्या बदलत्या आकृतीवरून कळते, मधल्या अंतराला तितके महत्त्व नाही. म्हणजे ज्या दोन लिप्यांत आमच्या आज्या-पणज्यांच्या जमिनी नोंदल्या गेल्या, त्या दोहोंनाही या 32 क्रमांकाच्या अक्षराची फारशी गरज नव्हती. छापखान्याने ते रूढ केले, टंकलेखन यंत्राने त्याला एक लांबलचक पट्टी दिली, आणि संगणकाने त्याला वर्णांच्या पंक्तीत बसविले.

कर्नाटकातील जमिनीच्या उताऱ्यांचे संगणकीकरण ‘भूमी’ या नावाने या शतकाच्या आरंभी पुरे झाले. सुमारे 67 लाख खातेदारांचे 2 कोटी उतारे त्यात आले, आणि तालुक्यामागून तालुक्यात हस्तलिखित उतारा बेकायदा ठरून संगणकावरचा उताराच ग्राह्य झाला. ज्या काळात हे झाले त्या काळाचा विचार करता तो एक विराट उद्योग होता, आणि त्याविषयी मला आदर आहे. पण त्यामुळे एक गोष्ट बदलली. पटवाऱ्याच्या बाडातले नाव माणूस वाचीत असे आणि माणूस कडेच्या मोकळ्या जागेकडे पाहत नाही. आता नाव यंत्र वाचते, आणि ते जागेसकट वाचते. ज्या कामासाठी पूर्वी नजर पुरत असे त्यासाठी आता विधी लागतो.

तो विधी बॅच फाईलमध्ये कसा करावयाचा? मोठ्या भाषांत कडेच्या जागा छाटण्यासाठी तयार शब्द असतो. बॅचला तो नाही. तिच्याजवळ जे चार शब्द आहेत त्यांच्याकडूनच हे काम अप्रत्यक्षपणे करवून घ्यावे लागते. नावाच्या आधीच्या जागा घालविण्यासाठी ‘फॉर’ या आज्ञेचा उपयोग होतो. ती ओळीचे तुकडे पाडण्यासाठी निर्माण झाली आहे, आणि तुकडे पाडण्यापूर्वी आरंभीचे विभाजक ती आपणहून टाकून देते; तेव्हा ‘सगळी ओळ हाच एक तुकडा’ असे तिला बजावले की आरंभीच्या जागा गळून उरलेली ओळ अखंड हाती येते. शेवटच्या जागांसाठी मात्र अशी काही सोय नाही. तेथे शेवटचे एक अक्षर पाहावयाचे. ते 32 क्रमांकाचे असेल तर तेवढे कापून उरलेल्या नावाचे पुन्हा शेवटचे अक्षर पाहावयाचे. आणि ज्या क्षणी जागेऐवजी खरा वर्ण लागेल त्या क्षणी हात आखडावयाचा. नाव मुळातच कोरे असेल, म्हणजे त्यात जागांवाचून दुसरे काहीच नसेल, तर कापता कापता काहीच उरत नाही आणि बॅच भलतेच शब्द उच्चारू लागते. म्हणून प्रत्येक फेरीच्या आधी ‘काही उरले आहे काय’ असे विचारण्याची तजवीज ठेवावी लागते.

या भाषेचे आणखी काही स्वभावधर्म आहेत, ते जाणून घेतल्याखेरीज तिच्यावर विसंबू नये. रकान्याला मूल्य देताना बरोबरीच्या चिन्हाआधी हौसेने एक जागा सोडली तर ती जागा त्या रकान्याच्या नावाचाच भाग होते, आणि मग ‘नाव’ व ‘नाव आणि एक जागा’ असे दोन निराळे रकाने अस्तित्वात येतात. यंत्राने कोणाचे नाव विचारले असता माणसाने काहीच न लिहिता फक्त एंटर दाबले, तर कोरे उत्तर नोंदले जात नाही, आधीच्या इसमाचे नाव तसेच राहते. तेव्हा प्रश्नापूर्वी रकाना पुसून घेणे हे कर्तव्यच समजावे. यादीतील मोकळ्या ओळी ‘फॉर’ मुकाट्याने वगळते, त्यामुळे अनुक्रमांक ओळींवरून मोजणाऱ्याच्या नोंदी खाली-वर सरकतात. आडत दुकानांच्या नावांत ‘आणि’ऐवजी जे वळणदार इंग्रजी चिन्ह घालतात, ते अवतरणात बंद केले नाही तर बॅच त्याला हुकूम मानून पुढचा शब्द बजावू पाहते. शिवाय त्या काळ्या खिडकीत देवनागरी वा कानडी अक्षरे नीट उमटत नाहीत, चौकोन दिसतात. म्हणून संकेतपृष्ठ 65001 लावून सर्व निष्पत्ती फाईलमध्ये उतरवावयाची आणि नोटपॅडमध्ये उघडून वाचावयाची, असा परिपाठ मी ठेवला. अडचणीचे खरे, पण त्यामुळे प्रत्येक नाव छाटणीपूर्वी आणि छाटणीनंतर शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सवय लागली, आणि तिचा उपयोग पुढे झाला.

एकदा वरिष्ठांकडून एक यादी आली. तीत मराठीचा एक रकाना आणि कानडीचा एक रकाना होता. यादी स्वच्छ केलेली आहे, कडेच्या सर्व जागा काढल्या आहेत, असा शेरा तिजवर होता, आणि खरोखरच ती पुष्कळ नेटकी होती. परंतु तीत हिरेमठ आडनावाच्या झाडून सर्व सभासदांच्या नावाचे शेवटचे अक्षर मोडलेले होते. ‘हिरेम’ एवढे शाबूत, आणि पुढे प्रश्नचिन्हाचा एक काळा चौकटीचा डाग. आमच्या भागात हिरेमठ हे नाव किती घरांत आहे, हे सांगावयास नको. भालकीचे हिरेमठ संस्थान तर सर्वश्रुत आहे, जेथे चन्नबसव पट्टद्देवरूंनी निजामाच्या अमदानीत बाहेर उर्दूचा फलक लावून आत कानडी शिकविल्याची हकीकत लोक अजून अभिमानाने सांगतात. पाटील, बिरादार, जाधव, कुलकर्णी ही सारी नावे त्या यादीत सुखरूप होती. विठ्ठल सुखरूप होता. मठपती सुखरूप होते. ठाकूरही होते. फक्त हिरेमठ, आणि नुसते ‘मठ’ असे आडनाव लावणारे एक-दोन जण, तेवढेच खंडित. विशेष म्हणजे कानडी रकान्यातही नेमकी हीच नावे, नेमकी याच ठिकाणी मोडलेली.

दोन लिप्यांत एकच अक्षर मोडावे, हा योगायोग असू शकत नाही, हे उघड होते. मी फाईलचे पोट उघडून एकेक बाइट वाचीत बसलो, आणि जे कळले त्याने मला कित्येक दिवस आनंद दिला, म्हणून ते सविस्तर सांगतो.

रिकाम्या जागेचे एक जुळे भावंड आहे. दोन शब्द ओळीच्या अखेरीस तुटू नयेत म्हणून छापणाऱ्यांनी न तुटणारी जागा निर्माण केली. दिसावयास ती साध्या जागेसारखीच, पण तिचा क्रमांक 160. संकेतस्थळांवरून किंवा सजविलेल्या कागदपत्रांतून मजकूर उचलला की ती हमखास बरोबर येते. व्हीबीस्क्रिप्टमध्ये कडा छाटण्याचा तयार शब्द आहे, तो फक्त 32 क्रमांक ओळखतो. 160 ला तो शिवत नाही. एक्सेलमधील त्याच नावाचे सूत्रही तिला शिवत नाही. म्हणून अनुभवी लोक आपल्या छाटणीत 160 ची भर घालतात, आणि तसे करणे योग्यच आहे. वरिष्ठांकडील कोणा कसबी माणसानेही तेच केले होते.

आता दुसरी बाजू. व्हीबीस्क्रिप्टचे फाईल वाचण्याचे जे नेहमीचे साधन आहे ते फाईल दोनच रीतींनी वाचू जाणते: एक तर जुन्या इंग्रजी रीतीने, एका बाइटला एक अक्षर मानून, नाही तर दोन-दोन बाइटांच्या युनिकोड रीतीने. आपल्याकडील याद्या बहुधा यूटीएफ-8 या तिसऱ्या रीतीत असतात, जीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला तीन बाइट लागतात. ती फाईल पहिल्या रीतीने वाचली की एकेका वर्णाची तीन शकले होतात. पण पुढे तीच शकले त्याच क्रमाने परत लिहिली तर वर्ण पुन्हा जुळतो, आणि काही बिघडले असे कोणालाच कळत नाही. ‘ठ’ची तीन शकले 224, 164 आणि 160. शेवटचे शकल 160. नाव ‘ठ’वर संपले की छाटणी करणारा हात शेवटचे अक्षर पाहतो, त्याला 160 दिसते, न तुटणारी जागा समजून तो ते कापतो, आणि 224 व 164 ही दोन शकले पोरकी होऊन मागे राहतात. विठ्ठलमध्ये ‘ठ’ आहे, पण तो पोटात. ठाकूरमध्ये आरंभी आहे, पण तेथे पहिले शकल 224. म्हणून ते वाचले.

आणि कानडी? भारतीय लिप्यांना संगणकावर स्थान देताना 1988 मध्ये आणि पुढे 1991 मध्ये इस्की नावाचे जे मानक सिद्ध झाले, त्यामागची दृष्टी मला फार थोर वाटते: ब्राह्मीपासून उतरलेल्या या सर्व लिप्या बाह्यतः कितीही वेगळ्या दिसल्या तरी त्यांची वर्णमाला एक आहे, तेव्हा ‘क’ची जागा सर्वांत एकच असावी, ‘ठ’चीही एकच असावी. युनिकोडने 1988 चा तो आराखडा स्वीकारला आणि प्रत्येक लिपीला 128 घरांचा एक वाडा देऊन वर्ण त्याच क्रमाने बसविले. त्यामुळे देवनागरीत, कानडीत, तेलुगूत, बंगालीत, गुजरातीत, मल्याळीत ‘ठ’ आपापल्या वाड्याच्या तेहतिसाव्या घरातच राहतो. आणि यूटीएफ-8 च्या गणिताने त्या घराचे शेवटचे शकल सर्वत्र 160 येते. कानडी ‘ठ’ची शकले 224, 178, 160. वर्णमालेच्या ज्या एकत्वामुळे आमच्या सीमाभागातील मराठी आणि कानडी एकमेकींना इतक्या जवळच्या झाल्या, त्याच एकत्वामुळे हिरेमठांचे नाव दोन्ही लिप्यांत एकाच जागी दुखावले होते.

उपाय सोपा होता. फाईल नोटपॅडमध्ये उघडून ‘युनिकोड’ या प्रकारात जतन करावयाची आणि दुसऱ्या रीतीने वाचावयाची. किंवा एडीओडीबी स्ट्रीम नावाचे दुसरे साधन वापरून यूटीएफ-8 म्हणून उघड सांगून वाचावयाची. मग ‘ठ’ हा एकसंध ‘ठ’ म्हणून हाती येतो, त्याला क्रमांक 2336 मिळतो, आणि 160 शी त्याचा काही संबंध उरत नाही. मी ही कैफियत मराठीत आणि कानडीत लिहून वर पाठविली आणि दुरुस्त यादी मागविली. ती आली. मधल्या काळात ज्या हिरेमठांचे अर्ज नावाच्या तफावतीमुळे अडले होते, त्यांपैकी एक वृद्ध गृहस्थ दोनदा तालुक्याला येऊन गेले होते. एका बाइटासाठी एका म्हाताऱ्या माणसाने एसटीचा दरवाजा धरून ये-जा करावी, ही गोष्ट मला आजही सहन होत नाही, आणि या क्षुल्लक दिसणाऱ्या कामाविषयी मी इतके लिहितो आहे ते त्याच कारणाने.

अदृश्य अक्षरांची जात येथेच संपत नाही. शून्य रुंदीची काही चिन्हे आहेत; ती जागाही व्यापत नाहीत. छाटणीच्या उत्साहात ‘जे दिसत नाही ते सर्व काढा’ असा हुकूम सोडणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांना मी नेहमी दोन उदाहरणे दाखवीत असे. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातला जो खास मराठी वळणाचा अर्धा ‘र’, तो टंकण्याच्या दोन रीती आहेत. त्यांतील एका रीतीत हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह असते. ते काढले की त्या ‘र’चा रफार होऊन ‘य’च्या डोक्यावर चढतो, आणि शब्द मराठी माणसाला परका वाटू लागतो. कानडीत राजकुमार हे नाव लिहिताना ‘ज’ आणि ‘क’ यांचे जोडाक्षर होऊ नये म्हणून मध्ये एक अदृश्य विलगचिन्ह घालतात. ते काढले की दोन्ही अक्षरे एकमेकांत रुततात. ही चिन्हे कचरा नव्हेत, ती लेखनाची अंगे आहेत. म्हणून माझ्या विधीत छाटणीचा अधिकार नावाच्या दोन टोकांपुरताच असे; टोकाशी जे लोंबकळत असेल ते काढावे, पोटात जे असेल त्याला हात लावू नये.

पण पोटातल्या साध्या जागेचे काय? एक्सेलचे सूत्र आतल्या दोन-तीन जागांची मिळून एक करते. व्हीबीस्क्रिप्ट आतल्या जागा तशाच ठेवते. दोन जागांची एक करणे बहुधा निर्धोक असते. एक जागा ठेवावी की काढावी, हा प्रश्न मात्र यंत्राचा राहत नाही. हुमनाबादेजवळच्या माणिकनगरातील माणिकप्रभूंच्या, म्हणजे 1817 ते 1865 या काळात होऊन गेलेल्या त्या सत्पुरुषाच्या, प्रभावामुळे आमच्याकडे माणिक हे नाव घरोघर आहे. एका यादीत ‘माणिकराव’ जोडून, दुसरीत ‘माणिक राव’ तोडून, आणि कानडी यादीत ‘माणिकप्पा’. हे तीन इसम की एक? एका गावात बाप-लेकांपैकी एक माणिकराव आणि शेजारच्या घरी निराळा माणिकप्पा, असेही असते. त्यांना एक करून टाकणारा नियम लिहिणे सोपे होते आणि तो मी लिहिला नाही. अशी नावे वेगळ्या फर्दावर काढून सभासद समोर येईल तेव्हा विचारावयाचे, असा रिवाज आम्ही पाडला. एका थोर वयाच्या सभासदाला मी विचारले, “अप्पा, नाव जोडून लिहू का सोडून?” ते म्हणाले, “जमिनीच्या उताऱ्यावर कसं हाय ते बघा, मालक, अन् तसंच ठिवा. आपण नवं काय बी करू नका.” आमच्या कार्यालयात त्यानंतर तोच दंडक झाला.

मायक्रोसॉफ्टने 2023 च्या ऑक्टोबरात व्हीबीस्क्रिप्ट निवृत्त करण्याचे जाहीर केले. आमच्या संस्थेतही नवी यंत्रे आली आणि पायथॉन ही भाषा वापरण्याची परवानगी मिळाली. माझ्या जागी आलेल्या तरुण सहकाऱ्याला दप्तर सोपविताना मी त्याला परीक्षेसाठी एक छोटी यादी करून दिली: हिरेमठ दोन्ही लिप्यांत, मागेपुढे जागा असलेला बसवराज, टॅबने सुरू होणारा शिवराज, 160 क्रमांकाची जागा शेवटी घेतलेला अंबादास, कानडीतला राजकुमार, अदृश्य जोडचिन्ह असलेला ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द, आणि शेवटी शून्य रुंदीची जागा चिकटलेली एक सुलोचनाबाई. छाटणी करणारा कोणताही नवा प्रोग्राम आधी या यादीवर चालवावयाचा, आणि मगच सभासदांच्या नावांवर. त्याने पायथॉनचा छाटणीचा शब्द चालवून पाहिला. हिरेमठ पार पडले, अंबादासची 160 गेली, टॅब गेला, राजकुमार व ‘शेतकऱ्यांची’ अबाधित राहिले. सुलोचनाबाईंच्या नावामागची शून्य रुंदीची जागा मात्र राहून गेली, कारण पायथॉन तिला जागा मानीत नाही. तेवढ्यासाठी एक ओळ जादा लिहावी लागली, ती त्याने नावाच्या दोन टोकांपुरतीच लिहिली.